९६.३ वरून १०५.९ वर

८ ऑक्टोबर २००९ च्या रात्री आठ वाजता न्यूयॉर्कच्या एफएमवर दोन स्टेशनांनी जागांची अदलाबदल केली. ९६.३ मेगाहर्ट्झवर लागणारं डब्ल्यूक्यूएक्सआर हे पाश्चात्त्य अभिजात संगीताचं स्टेशन १०५.९ वर गेलं आणि १०५.९ वरचं युनिव्हिजन कंपनीचं स्पॅनिश स्टेशन ९६.३ वर आलं. दोघांचेही अँटेना एम्पायर स्टेट बिल्डिंगवरच होते. वरवर पाहता श्रोत्यांना रेडिओचा काटा थोडा उजवीकडे सरकवायचा होता, एवढंच. मात्र ९६.३ वर सुमारे सहा हजार वॅटनी प्रक्षेपण करता येतं, तर १०५.९ वर जेमतेम सहाशे वॅटनी. म्हणजे शहरातलं जुनं आणि नावाजलेलं संगीताचं स्टेशन त्या रात्री एकदशांश ताकदीवर आलं.

हा व्यवहार नीट समजून घेण्यासारखा आहे. डब्ल्यूक्यूएक्सआर तेव्हा न्यूयॉर्क टाइम्सच्या मालकीचं होतं. जाहिराती आटल्यामुळे वृत्तपत्र अडचणीत होतं. त्याच वर्षी जानेवारीत त्यानं मेक्सिकोचे उद्योगपती कार्लोस स्लिम यांच्याकडून २५ कोटी डॉलरचं कर्ज घेतलं होतं. टाइम्सनं ९६.३ ची फ्रिक्वेन्सी युनिव्हिजनला दिली. बदल्यात १०५.९ ची फ्रिक्वेन्सी आणि वर ३ कोटी ३५ लाख डॉलर घेतले. मग १०५.९ चं लायसन्स आणि डब्ल्यूक्यूएक्सआर हे नाव मिळून १ कोटी १५ लाख डॉलरना डब्ल्यूएनवायसी या सार्वजनिक रेडिओ संस्थेला विकलं. टाइम्सच्या हाती एकूण साडेचार कोटी डॉलर आले. त्यातला मोठा हिस्सा स्टेशनच्या नावाला, निवेदकांना किंवा सत्तर वर्षांच्या परंपरेला मिळालेला नव्हता. तो मिळाला सहा हजार आणि सहाशे वॅटमधल्या फरकाला.

शक्ती एकदशांश झाली म्हणून लहरीची तीव्रता एकदशांश होत नाही. ती तिसऱ्या हिश्श्याच्याही थोडी खाली येते. शहराच्या मध्यभागी, उंच इमारतींमध्ये राहणाऱ्याला हा फरक सहज खपून जातो. तो जाणवतो कडेच्या उपनगरांत आणि गाडीत. एफएमचा स्वभावच असा, की एकाच फ्रिक्वेन्सीवर दोन स्टेशनं पोचत असली तर रिसीव्हर बलवान लहरीला धरतो आणि दुबळीला जवळजवळ पुसून टाकतो. १०५.९ वर वॅट वाढवता येत नाहीत, कारण त्याच किंवा शेजारच्या फ्रिक्वेन्सीवर आसपासच्या शहरांत आधीपासून स्टेशनं आहेत आणि त्यांच्या क्षेत्रात शिरकाव होऊ न देण्याचं बंधन आहे. पुढे २०१३ साली डब्ल्यूएनवायसीनं उत्तरेकडच्या ऑसिनिंग गावातलं ९०.३ वरचं एक छोटं स्टेशन विकत घेतलं आणि वेस्टचेस्टर भागातल्या श्रोत्यांना तिथून पुन्हा हे संगीत पोचवायला सुरुवात केली.

ज्या स्टेशनच्या आवाजाचा पल्ला असा कापला गेला, त्याचा जन्मच आवाजाच्या ध्यासातून झाला होता. जॉन हॉगन नावाचे इंजिनिअर डब्ल्यूटूएक्सआर हे प्रायोगिक स्टेशन चालवत. त्यांचे प्रयोग रेडिओवरून चित्रं पाठवण्याचे होते. जोडीला संगीत लावलं जाई. श्रोत्यांना चित्रांपेक्षा संगीत भावलं, कारण हॉगन यांच्याकडे नेहमीपेक्षा रुंद पट्टा होता आणि व्हायोलिनचे वरचे स्वर त्यात न कापता पोचत. १९३६ मध्ये त्यांनी एलियट सँगर यांच्यासह त्याचं व्यावसायिक स्टेशन केलं. नाव ठेवताना इंग्रजी दोनच्या आकड्याच्या जागी हस्ताक्षरात तसंच दिसणारं क्यू हे अक्षर घातलं. १९३९ पासून त्यांनी एफएमचेही प्रयोग केले, तेव्हा एफएम रेडिओ घरोघरी नव्हतेच. १९४४ मध्ये टाइम्सनं हे स्टेशन दहा लाख डॉलरहून थोड्या अधिक किमतीला घेतलं.

या स्टेशनची दुसरी शाखाही होती, मध्यमलहरींवरची १५६०. तिची कथा मला अधिक बोलकी वाटते. १९९२ च्या अखेरीस न्यूयॉर्कमधलं डब्ल्यूएनईडब्ल्यू हे जुन्या लोकप्रिय अमेरिकन गाण्यांचं स्टेशन आर्थिक बातम्यांसाठी विकलं गेलं. त्या गाण्यांना टाइम्सनं १५६० वर जागा दिली. सहा वर्षांनी, १९९८ च्या डिसेंबरात, तीच फ्रिक्वेन्सी लहान मुलांच्या रेडिओ डिस्नेला भाड्यानं दिली गेली. म्हाताऱ्या श्रोत्यांनी निषेध केला. काही उपयोग झाला नाही. २००७ मध्ये डिस्नेनं ती चार कोटी डॉलरला विकत घेतली आणि २०१५ मध्ये सुमारे १ कोटी ३० लाखांना एका धार्मिक प्रसारण संस्थेला विकली. मनोरा तोच, परवाना तोच. आठ वर्षांत किंमत तिसऱ्या हिश्श्यावर आली, कारण मध्यमलहरी ऐकणारेच कमी झाले होते.

स्टेशननं काय वाजवावं, यात श्रोत्याला काही हक्क असतो का? हा प्रश्न न्यूयॉर्कमध्येच कोर्टापर्यंत गेला. १०४.३ वर डब्ल्यूएनसीएन हे दुसरं अभिजात संगीताचं स्टेशन होतं. १९७४ च्या नोव्हेंबरात त्याच्या मालकांनी ते एकाएकी रॉक संगीताचं केलं. श्रोत्यांनी संघटना काढली, वकील लावले, नियामक आयोगाकडे धाव घेतली. शेवटी जीएएफ या कंपनीनं स्टेशन घेतलं आणि १९७५ मध्ये अभिजात संगीत परत आलं. श्रोत्यांचा हा विजय खराच होता, पण टिकला नाही. आयोगानं १९७६ मध्ये धोरण जाहीर केलं, की संगीताचा प्रकार बाजार ठरवील, आम्ही त्यात पडणार नाही. अपील न्यायालयाचा कल श्रोत्यांकडे होता. पण १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सात विरुद्ध दोन मतांनी आयोगाचं धोरण उचलून धरलं. एखाद्या प्रकारचं एकमेव स्टेशन नाहीसं होत असतानाही त्या धोरणात अपवादाला वाट नाही, हा न्यायमूर्ती थर्गूड मार्शल यांच्या भिन्नमताचा गाभा होता. मला तो आजही बिनतोड वाटतो. लहरी जनतेच्या मालकीच्या आहेत, असं कायदा मानतो. मग त्यांच्यावर काय वाजतं याबद्दल जनतेला चकार शब्द काढता येऊ नये, हे पटत नाही. १९९३ च्या डिसेंबरात १०४.३ पुन्हा रॉकचं झालं आणि तसंच राहिलं. पुढची वर्षं डब्ल्यूक्यूएक्सआर हेच शहरातलं अभिजात संगीताचं एकमेव व्यावसायिक स्टेशन उरलं.

म्हणूनच २००९ च्या अदलाबदलीकडे मी निव्वळ पडझड म्हणून पाहत नाही. टाइम्सनं स्टेशन बाजारभावानं कुणालाही विकलं असतं तर ते संगीत एफएमवरून गेलंच असतं. सार्वजनिक संस्थेकडे गेल्यामुळे जाहिराती थांबल्या आणि श्रोत्यांच्या देणग्यांवर स्टेशन उभं राहिलं. त्याची किंमत मात्र दूरच्या श्रोत्यांनी मोजली, आणि त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

आपल्याकडे फ्रिक्वेन्सीची अशी अदलाबदल होत नाही; लहर सरकारची आणि खासगी कंपनीला मिळतो तो ठरावीक वर्षांचा परवाना. तरी पैशाचा दाब तोच. पहिल्या टप्प्यातल्या खासगी एफएम परवान्यांचं शुल्क दरवर्षी १५ टक्क्यांनी वाढत होतं. काही कंपन्या त्या ओझ्याखाली मेटाकुटीला आल्या आणि २००५ च्या धोरणात एकरकमी प्रवेशशुल्क आणि उत्पन्नाच्या चार टक्क्यांची पद्धत आली. एवढा पैसा भरायचा तर सर्वांत मोठा श्रोतृवर्ग हवा, आणि सर्वांत मोठा श्रोतृवर्ग हिंदी सिनेमाच्या गाण्यांवर मिळतो. मुंबईच्या खासगी एफएमवर काटा कुठेही थांबवा, बहुतेक ठिकाणी तीच गाणी लागतात. ख्याल, ठुमरी किंवा नाट्यगीताला तिथे स्वतःची फ्रिक्वेन्सी मिळेल, ही आशा बाजाराकडून ठेवता येत नाही.

ती आकाशवाणीकडूनच ठेवता येते. बंगळूरात तिनं १००.१ मेगाहर्ट्झवर अमृतवर्षिणी ही वाहिनी शास्त्रीय संगीतासाठी चालवून दाखवली. २०१६ मध्ये सुरू झालेली रागम् वाहिनी डीटीएच आणि मोबाइलवर पोचली, पण साध्या रेडिओवर, गाडीत, स्वयंपाकघरात ऐकणारा श्रोता एफएमवरच भेटतो. मुंबई-पुण्यातल्या संगीत मंडळांनी आणि रसिकांनी प्रसार भारतीकडे शास्त्रीय संगीताच्या एफएम वाहिनीसाठी लेखी मागणी करावी, पुन्हा पुन्हा करावी. आणि मागताना फ्रिक्वेन्सीबरोबर वॅटही मागावेत.