बायोटेकला जायचंय? आधी प्रयोगशाळा उघडायला सांगा

बारावीचा निकाल लागला की आमच्या वाशिम जिल्ह्यातल्या मंगरुळपीरकडून नात्यागोत्यातले फोन सुरू होतात. "पोरीले बायोटेकले टाकतो म्हन्तो. लागते काय वं नोकरी?" मी जैविक खतांच्या कारखान्यात गुणवत्ता तपासणीचं काम करते, तेव्हा उत्तर द्यावंच लागतं. लागते. पण नुसत्या बीएस्सीवर मोठा पगार मिळेल, या भ्रमात राहू नका.

वाशिमच्या माणसाला हा विषय परका नाही. 2002 मध्ये देशात बीटी कपाशीला पहिली परवानगी मिळाली, ती जालन्याच्या महिको कंपनीच्या बियाण्याला. मातीतल्या एका जिवाणूचं जनुक कपाशीत घातलं. त्यातून तयार होणारं प्रथिन बोंडअळीच्या आतड्याला भोकं पाडतं. पुढे गुलाबी बोंडअळी त्यालाही पुरून उरली आणि 2017 च्या हंगामात विदर्भातल्या कास्तकारांना ते महागात पडलं. आता आपल्याकडे सोयाबीन जास्त, आणि त्याला येलो मोझॅकचा घोर. तो पसरवणारी पांढरी माशी फवारणीने थोडीफार आटोक्यात येते, पण झाडात शिरलेला विषाणू फवारून निघत नाही. रोगाला दाद न देणारं जनुक कोणत्या रोपात उतरलंय, हे पानातला डीएनए तपासून ओळखता येतं. ते काम बायोटेकवाल्यांचं.

माझं काम याहून साधं. पेरणीआधी सोयाबीनच्या 10 किलो बियाण्याला रायझोबियम जिवाणूंचं 250 ग्रॅमचं पाकीट चोळतात ना, त्याचा नमुना बाजारात जाण्याआधी माझ्या टेबलावर येतो. खत नियंत्रण आदेशाप्रमाणे त्या भुकटीच्या एका ग्रॅममध्ये किमान 5 कोटी जिवंत जिवाणू हवेत. भुकटी निर्जंतुक पाण्यात कालवायची, त्यातलं 1 मिली पुढच्या नळीतल्या 9 मिली पाण्यात, त्यातलं 1 मिली त्याच्या पुढच्या नळीत, असं दहा-दहा पटीने पातळ करत न्यायचं आणि काँगो रेड घातलेल्या प्लेटवर पसरायचं. रायझोबियमचे ठिपके पांढुरके राहतात. गडद लाल ठिपके उगवले की समजायचं, भलतेच जंतू शिरलेत. सोयाबीनचा रायझोबियम मोठा आळशी, प्लेटवर दिसायला जवळपास आठवडा लावतो. हात चुकला की तेवढे दिवस पाण्यात.

हा हात पुस्तकातून येत नाही. आमच्या कॉलेजात लॅमिनार एअर फ्लो, म्हणजे जंतुविरहित हवेचं कपाट होतं, पण कुलपात. परीक्षेला तेवढं उघडायचे. पहिल्या नोकरीत मला पिपेट धरण्यापासून शिकावं लागलं, आणि खोलीभाडं, डबा गेला की त्या पगारातून हाती काही राहत नसे.

शेतीची जाण असलेल्या पोरांसाठी मला कृषी विद्यापीठांचा चार वर्षांचा बायोटेकचा बी.टेक. बरा वाटतो. प्रवेश सीईटीतून होतो. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचं असं महाविद्यालय यवतमाळला आहे, परभणीच्या विद्यापीठाचं लातूरला. पुढे बियाणे कंपन्या, टिश्यू कल्चर, जैविक खतं अशी आपल्या भागाला धरून असलेली कामं मिळतात. महाबीजचं मुख्यालय तर अकोल्यातच आहे. बीएस्सी करणार असाल तर एमएस्सी धरूनच चाला. काही ठरावीक विद्यापीठांत गॅट-बी परीक्षेतून प्रवेश मिळतो आणि विद्यावेतनही. संशोधनात जायचं तर नेट द्या. त्यातून जेआरएफ ही संशोधनवृत्ती मिळाली की पहिली दोन वर्षं महिन्याला 37,000 रुपये आणि वर घरभाडं. पण पीएचडीला पाचेक वर्षं सहज जातात. मुलगा असला तर घरचे तेवढा धीर धरतात. मुलगी असली की दुसऱ्याच वर्षी स्थळं बघायला लागतात. लस आणि औषधांच्या कारखान्यांत, पुण्याच्या सीरमसारख्या ठिकाणी, तपासणी आणि उत्पादनाची कामं असतात. घर सोडायची आणि पाळ्यांत राबायची तयारी हवी.

आणि नीट हुकली म्हणून मन मारून इकडे येऊ नका. अशी पोरं पहिल्या वर्षापासून कंटाळलेली मी पाहिलीत.

कॉलेज बघायला जाल तेव्हा गुळगुळीत माहितीपत्रक बाजूला ठेवा आणि प्रयोगशाळा उघडायला सांगा. पीसीआर मशीनला कधी हात लावला का, प्रकल्प स्वतः केला की विकत आणला, हे शेवटच्या वर्षाच्या पोरांना गाठून विचारा. दार उघडायलाच टाळाटाळ झाली, तर फी भरू नका.