सोळात न बसणारी पानं

हिंगोलीतल्या बाइंडिंगच्या त्या दुकानात रद्दीचं पोतं दाराशीच असतं. त्यात सगळ्यात वर औषध कंपन्यांच्या गुळगुळीत, रंगीत जाहिराती. कुणा डॉक्टरांनी वैद्यकीय मासिकाचे वर्षभराचे अंक बांधायला टाकलेत. बाइंडर चाचा अंकाच्या पिना उचकटतात, कव्हर आणि जाहिराती पोत्याकडे भिरकावतात आणि मजकुराची पानं हातानं थापटून रचत जातात.

"सोळा पानांचा फर्मा. सोळात बसलं ते पुस्तक, नाही बसलं ते रद्दी."

हे काम जवळून बघावंसं वाटलं, ते जुन्या खंडांमुळे. लंडनचं 'लॅन्सेट' १८२३ मध्ये निघालं, कलकत्त्याचं 'इंडियन मेडिकल गॅझेट' १८६६ मध्ये. अशा डॉक्टरी नियतकालिकांना जाहिरातींचा चांगला पैसा मिळे. ब्रिटनमध्ये दर जाहिरातीवर दीड शिलिंग कर होता, तोही १८५३ मध्ये उठला. तरी ग्रंथालयांतले त्या काळचे बांधीव खंड उघडावेत, तर पुष्कळदा जाहिरातीचं एकही पान सापडत नाही. ती पानं अशाच कुठल्याशा पोत्यात गेली.

दोष एकट्या बाइंडरचा नाही. जाहिराती अंकाच्या पुढे-मागे, बहुधा कव्हरालगत असत आणि त्यांचे पृष्ठांक मजकुरात धरले जात नसत. वर्ष संपलं की खंडासाठी वेगळं शीर्षकपान आणि सूची छापून येई. पानं काढली तरी मजकुराचा क्रम तुटत नसे. अंक हातात पडेपर्यंत जाहिरातदाराचा पैसा चाले. कपाटात जाताना मात्र शास्त्र सोवळं होऊन जाई.

आणि जाहिराती कसल्या? उपकरणं, पुस्तकं, मलमं, सत्त्वं. त्या काळी छापील जाहिरातींतून गाजलेलं एक औषध म्हणजे क्लोरोडाइन. हिंदुस्थानात नोकरी केलेले लष्करी डॉक्टर जॉन कॉलिस ब्राऊन यांनी १८४८ च्या सुमारास ते पटकीवर तयार केलं. त्यात अफूचा अर्क, क्लोरोफॉर्म आणि भांग. फ्रीमन नावाच्या प्रतिस्पर्ध्याशी वाद झाला, १८६४ मध्ये न्यायाधीशांनी खरा जनक ब्राऊनच असं सांगितलं आणि विक्रेत्यानं त्या निकालाचीच जाहिरात केली! हिंगोलीत १९०३ पर्यंत हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती. पटकीची धास्ती असलेल्या अशा छावण्यांतले डॉक्टर हे या मालाचे हक्काचे गिऱ्हाईक. त्यांना काय विकलं जात होतं, हे लेखांपेक्षा त्या फेकलेल्या पानांनी जास्त सांगितलं असतं.

दुकानात एव्हाना खळ शिजलीय. मैद्याची, मोरचूद घातलेली. आंबूस, जरा तुरट वास. घरी गेल्यावरही बोटांना येत राहतो. "मोरचूद नसलं तं झुरळं पुस्तक खातेत," चाचा सांगतात. फर्मे दोऱ्यानं शिवून होतात, पाठीला खळ लागते, पुठ्ठा चढतो, शिकंजा आवळला जातो. खंड दुसऱ्या दिवशी कापायचा. चाचांचा हात कुठेही अडत नाही. अडतो तो एकाच ठिकाणी. एका जाहिरातीच्या मागच्या बाजूला लेखाचा शेवट छापलेला निघतो. ते पान चाचा उलटंसुलटं करून बघतात आणि नाइलाजानं ठेवून देतात. कंपनीची गोळी अशी फुकटात खंडात शिरते.

मराठीतही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शंकर दाजीशास्त्री पदे यांचं 'आर्यभिषक्' हे वैद्यकाचं मासिक निघत होतं. त्याचे अंकही कुणाच्या तरी सुई-दोऱ्याखालूनच कपाटात गेले असणार. अभ्यासकाला त्या काळच्या औषधांच्या किमती, एजंटांची नावं हवी असतील, तर न बांधलेला, कव्हरासकट राहिलेला सुटा अंकच शोधावा लागतो.

सगळ्या जाहिराती ठेवूनच बांधायचं म्हटलं तर?

चाचा पोत्याकडे बघतात, मनाशी हिशेब करतात. "ठेवू की. पण सुटी पानं सोळात येत नाहीत. पट्टी लावून मागं शिवावं लागंल. त्याचे पैसे वेगळे."