बोटीचा पत्ता आभाळाला ठाऊक

मिरा-भाईंदरच्या उंच इमारतींत आता दिवाणखान्यातला दिवा मोबाइलवरून विझतो. दाराची बेल ऑफिसात बसलेल्या मालकाला पाहुण्याचा चेहरा दाखवते. वस्तू इंटरनेटला जोडण्याची ही हौस पाहिली की मला विज्ञानापेक्षा आळसच जास्त दिसतो. दिव्याचं बटण चार पावलांवरच तर असतं. पण याच शहराच्या पश्चिम टोकाला, उत्तन-पाली-चौकच्या किनाऱ्यावर, वाळत घातलेल्या बोंबलांच्या पलीकडे डोलत असते मासेमारीची बोट. ती एकदा समुद्रात गेली की चार पावलांवर कुणीच नसतं.

किनाऱ्यावरचा टॉवर 40 मीटर उंच धरला, तर पृथ्वीच्या गोलाईमुळे त्याची नजर साधारण 22-23 किलोमीटरवर संपते. रेडिओलहरी किंचित वाकतात, बोटीची उंचीही हातभार लावते. आणखी काही किलोमीटर मिळतात. पुढे फोनवरच्या दांड्या एकेक करून गळतात. बोटीवरच्या व्हीएचएफ वायरलेसचीही गत तीच.

वस्तूंना बोलतं करण्याची ही गोष्ट लोकांपुढे आली ती मात्र दुकानाच्या फळीवरून. लिपस्टिकची एक छटा दुकानांतून सारखी संपायची आणि ते कंपनीला कळायचंच नाही. त्यावर डोकं चालवणाऱ्या केव्हिन अ‍ॅश्टन यांनी 1999 साली प्रॉक्टर अँड गॅम्बलपुढे एक सादरीकरण केलं आणि त्याला नाव दिलं ‘इंटरनेट ऑफ थिंग्ज’. संपलेली लिपस्टिक आणि भरकटलेली बोट यांचं दुखणं एकच: वस्तूची अवस्था ज्याला कळायला हवी, त्याला कळत नाही.

2008 साली मुंबईवर हल्ला करणारे ‘कुबेर’ ही पळवलेली मासेमारी बोट घेऊन आले. त्यानंतर 20 मीटरहून लांब बोटींवर एआयएस यंत्राची सक्ती झाली. एआयएस म्हणजे दवंडीच: मी कोण, कुठे, किती वेगाने चाललोय. आसपासच्या कुठल्याही जहाजाला ती ऐकू येते, टक्कर टळते. पण दवंडी क्षितिजापर्यंतच पोचते, आणि लहान बोटी त्या सक्तीबाहेरच राहिल्या.

30 ऑगस्ट 2024 रोजी, वसईच्या खाडीपलीकडे, पालघरमध्ये केंद्र सरकारच्या नव्या योजनेचा प्रारंभ झाला. इस्रोच्या तंत्रज्ञानाचे एक लाख ट्रान्सपॉन्डर 13 किनारी राज्यं आणि केंद्रशासित प्रदेशांतल्या यांत्रिक बोटींवर टप्प्याटप्प्याने बसवायचे. हे यंत्र टॉवरकडे पाहत नाही, थेट वर पाहतं. वर, सुमारे 36,000 किलोमीटरवर, 2015 मध्ये सोडलेला जीसॅट-6 हा उपग्रह आहे. बोटीवरचं यंत्र लहान, त्याचा आवाज क्षीण. म्हणून ऐकणाऱ्याचा कान मोठा हवा. जीसॅट-6 ला अंतराळात छत्रीसारखी उलगडलेली 6 मीटर व्यासाची अँटेना आहे ती यासाठीच. संदेश वर जाऊन जमिनीवरच्या केंद्रात उतरायला लहरींना पाव सेकंद पुरतो. आणि संदेश तरी केवढा? अक्षांश, रेखांश, बोटीची ओळख. लग्नाचा एक फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला जेवढा डेटा जातो, तेवढ्यात असे हजारो निरोप बसतील.

खरी मोलाची गोष्ट म्हणजे संवाद दुहेरी आहे. तांडेलाने संकटाचं बटण दाबलं तर जमिनीवरच्या केंद्राला कळतं. उलट वादळाचा इशारा त्याच वाटेने बोटीवर येतो, तोही स्थानिक भाषेत. सागरी सीमा जवळ आली तर सावध करता येतं. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान आणि हरितद्रव्य उपग्रहांवरून पाहून मासळी कुठे मिळण्याचा संभव आहे ते सांगते. हरितद्रव्य ही वनस्पती-प्लवकाची खूण. त्यावर लहान जीव, त्यांवर मासळी. अशा ठिकाणांचा सल्लाही आता जाळं टाकायच्या जागीच पोचू शकतो.

एक गोष्ट मात्र या उत्साहात कुणी फारशी बोलत नाही. बोट कुठे आहे हे सांगणारं यंत्र बोट कुठे थांबते हेही सांगतं, आणि ती पुन्हापुन्हा जिथे थांबते तिथे मासळी असते. नाखव्याची ही पिढीजात मिळकत, सातबाऱ्यावर न चढलेली. तिचे ठिपके कुणाच्या पडद्यावर दिसणार, किती काळ साठणार, हे यंत्र बसवतानाच स्पष्ट व्हायला हवं. एरवी उत्तनच्या बंदरावर कुणाला विचारून पाहा, आज बोंबील कुठे लागला? नाखवा हात लांब करून पश्चिमेकडे दाखवेल. त्या हाताच्या टप्प्यात अर्धा अरबी समुद्र येतो.