जेलमधली पांढरी रेघ

घोडा धडधाकट दिसतो, तरी त्याच्या रक्तात एक विषाणू आयुष्यभर दडून असू शकतो. हा विषाणू एचआयव्हीच्याच कुळातला. माणसाला मात्र त्याची लागण होत नाही. घोड्याला ताप येतो, रक्तक्षय होतो. लस नाही, औषधही नाही.

प्रसार गोमाशीमुळे होतो. तिचा दंश झोंबतो, घोडा शेपूट झटकतो आणि अर्धपोटी माशी तोंडाला लागलेल्या रक्तासह शेजारच्या घोड्यावर बसते. एकच सुई अनेक घोड्यांना टोचणारा माणूसही तेच करतो, आणि त्याला तर माशीइतकीही सबब नाही!

१९७०च्या सुमारास अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या लेरॉय कॉगिन्स यांनी हा संसर्ग ओळखण्याची सोपी चाचणी शोधली. अगार जेलमध्ये एका खळग्यात विषाणूचे प्रथिन आणि शेजारच्या खळग्यात घोड्याच्या रक्ताचा द्रव ठेवतात. त्यात या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे असतील, तर एकदोन दिवसांत मधोमध पांढरी रेघ उमटते. नुकत्याच झालेल्या संसर्गात मात्र ती दिसत नाही. म्हणून काही आठवड्यांनी फेरतपासणी करतात.

अमेरिकेत बाधित घोड्याला दयामरण देतात, किंवा इतर घोड्यांपासून किमान १८० मीटर दूर, जन्मभर एकटे ठेवतात.