मुलामुलींचे खो-खोचे सामने भरवताना



खरिपाची कामे उरकत आली, दिवाळीची सुट्टी सरली, की शाळाशाळांतून सामन्यांचे वारे वाहू लागतात. आधी केंद्राचे सामने, मग तालुक्याचे, मग जिल्ह्याचे. त्यांतल्या खो-खोविषयी आज बोलायचे योजिले आहे. कारण असे, की खो-खोचे नियम विचारले तर जो तो म्हणतो, "त्यात काय सांगायचंय? लहानपणापासून खेळतोय आम्ही." आणि सामन्याच्या दिवशी सर्वांत जास्त भांडणे होतात ती नेमकी याच मैदानावर! अंगणात खेळायचा खो-खो वेगळा आणि सामन्याचा खो-खो वेगळा, हे आपण ध्यानात घेत नाही म्हणून असे होते.

अंगणातल्या या खेळाला नियमांच्या चौकटीत बसवण्याचे काम पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ साली हाती घेतले. पुढे १९२४ मध्ये बडोद्याच्या जिमखान्याकडून नियम छापून प्रसिद्ध झाले. तेव्हापासून मैदानाची मापे बदलली, वेळ बदलली, गुण मोजण्याची रीत बदलली. पण खेळाचा गाभा तोच राहिला. आठजण बसलेले, एकजण पाठीवर धावणारा, आणि समोर तीनच गडी.

आता मैदान पाहू. मोठ्या गटाचे मैदान २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद असते. मधोमध लांबीच्या दिशेने एक अरुंद पट्टी आणि तिच्या दोन्ही टोकांना एकेक खांब. खांबाखांबांतले अंतर २४ मीटर. खांबाच्या पलीकडे दोन्ही बाजूंना दीड-दीड मीटरचे मोकळे क्षेत्र राहते. मधल्या पट्टीला आठ आडव्या पट्ट्या छेदतात, त्यातून आठ चौकोन तयार होतात. हीच बसणाऱ्यांची जागा. चौदा वर्षांखालच्या मुलांसाठी मैदान याहून लहान आखतात. माझे सांगणे एवढेच, की मैदान दोरी आणि टेप घेऊन आखा, पावलांनी नको. फक्की सकाळी एकदा टाकली म्हणजे झाले, असेही नाही. दोन सामने झाले की मधल्या रेषा पुसून जातात आणि मग पाऊल रेषेच्या आत होते की बाहेर, हे कोणाच्या बापाला सांगता येत नाही. फक्कीची पाटी आणि एक चपळ मुलगा दिवसभर मैदानाजवळ ठेवावा. खांब गुळगुळीत हवेत. सालपट निघालेले लाकूड असेल तर पोरांचे तळहात सोलून निघतात. खडे वेचायला आदल्या संध्याकाळी सबंध वर्ग लावावा. आजकाल मोठे सामने मॅटवर होतात, पण आपल्या गावात माती आहे आणि माती काही वाईट नाही, फक्त ती झाडून, पाणी मारून बसवलेली हवी.

आता खेळाकडे वळू. आठ गडी चौकोनांत बसतात ते एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून. नववा खांबापाशी उभा राहतो. तो पाठलाग करणारा. पळणारे तिघे मधल्या पट्टीतून, बसलेल्यांच्या मधून, कसेही नागमोडी जाऊ शकतात. पाठलाग करणाऱ्याला मात्र मधली पट्टी ओलांडता येत नाही. बाजू बदलायची तर खांबाला वळसा घालून जावे लागते. शिवाय एकदा खांद्यांचा रोख ज्या खांबाकडे वळला ती त्याची दिशा ठरली. त्या खांबापलीकडच्या मोकळ्या क्षेत्रात पोहोचेपर्यंत त्याला माघारी फिरता येत नाही.

इथे क्षणभर थांबून विचार करा. पळणाऱ्याला सगळी मोकळीक आणि धरणाऱ्याला सगळी बंधने, हे कसे? कारण धरणारा एकटा नाही. त्याच्यामागे आठजण बसलेले आहेत. पळणारा हुलकावणी देऊन पट्टीपलीकडे गेला, की धरणाऱ्याने त्या बाजूला तोंड करून बसलेल्या सोबत्याला खो द्यायचा आणि आपण त्याच्या जागी बसायचे. म्हणजे जो मोह एकट्याने पळत सुटण्याचा आहे, तो हे नियम मुद्दाम अडवतात. खूप जोरात धावणारा पण खो न देणारा मुलगा संघाचा वेळ खातो. साधारण धावणारा पण योग्य क्षणी खो देणारा गडी मिळवून देतो. संघ निवडताना गुरुजी बहुधा शंभर मीटरच्या शर्यतीतले पहिले नऊ उचलतात. माझ्या मते ही रीत बरोबर नाही. बसल्या जागी कान आणि डोळे उघडे ठेवून वाट पाहू शकणारा मुलगा आधी शोधावा.

खो देण्याचा नियम बारकाईने समजून घ्या, कारण निम्मे फाऊल तिथेच होतात. खो बसलेल्याच्या मागून द्यायचा. हाताने स्पर्श करायचा आणि 'खो' हा शब्द मोठ्याने उच्चारायचा. नुसता स्पर्श चालत नाही, नुसता शब्दही चालत नाही. बसलेल्याने खो मिळण्याआधी उठायचे नाही. आणि धावणारा एखाद्या बसलेल्याच्या आडव्या पट्टीपुढे निघून गेला, तर मागे हात करून त्याला खो देता येत नाही. यांपैकी काही चुकले, की पंच शिट्टी वाजवतो, धावणाऱ्याला उलट दिशेच्या खांबाकडे जायला लावतो आणि त्या फाऊलमुळे कोणी बाद झाला असेल तर तो बाद धरत नाही. पाहुण्या गावच्या प्रेक्षकांना हे ठाऊक नसते. "हात तर लागला होता!" म्हणून ओरड होते. हात लागला होता हे खरेच, पण त्याआधी फाऊल झाला होता. ध्वनिक्षेपक असेल तर निवेदकाने प्रत्येक फाऊलचे कारण एका वाक्यात सांगावे; निम्मी ओरड तिथल्या तिथे विरते.

बसलेल्यांच्या वागण्याचीही एक बाब आहे. गुडघा जरा पुढे काढून, कोपर बाहेर ठेवून पळणाऱ्याची वाट अडवणे ही जुनी खोड. नियम असा, की बसलेल्याच्या अडथळ्यामुळे गडी बाद झाला तर तो बाद नाही. काही शिक्षक मुलांना हे 'डावपेच' म्हणून शिकवतात, असे ऐकून आहे. तेरा वर्षांच्या मुलीचा पाय त्या गुडघ्यात अडकला तर ती तोंडावर आपटते. दात पडला तर तो परत येत नाही, मग डाव कोणीही जिंको.

पळणाऱ्यांचे पाहा. नऊजणांच्या तीन-तीनच्या तुकड्या करतात आणि त्यांचा क्रम आधी गुणलेखकाकडे नोंदवतात. तिसरा गडी बाद झाला, की पुढची तुकडी दोन खो दिले जाण्याच्या आत मैदानात शिरली पाहिजे. आणि ज्याने तो तिसरा गडी टिपला, त्याने नव्या तुकडीच्या मागे न लागता खो द्यायचा असतो. पळणाऱ्याच्या शरीराचा कोणताच भाग मैदानाला टेकलेला नसेल तर तो बाद. बाद झालेल्या प्रत्येक गड्यामागे समोरच्याला एक गुण. एका डावात दोन्ही संघ एकदा पाठलाग करतात, एकदा पळतात; मोठ्यांना प्रत्येक वेळी नऊ मिनिटे, चौदाखालच्यांना सात. असे दोन डाव.

इथे एक सूचना. १३ ते १९ जानेवारी २०२५ या काळात दिल्लीला खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. पुरुष आणि महिला, दोन्ही गटांत भारताने अंतिम सामन्यात नेपाळला हरवले, आणि दोन्ही कर्णधार, प्रतीक वाईकर व प्रियांका इंगळे, आपल्या महाराष्ट्राचे. मुलांनी ते सामने पाहिले आणि त्यांना हुरूप आला, ही आनंदाचीच गोष्ट. पण तिथला प्रकार आखूड आणि निराळा होता, गुण मोजण्याची पद्धतही निराळी होती. पुरुषांचा अंतिम सामना ५४-३६ असा संपला हे ऐकून "आमचेच गुण एवढे कमी का?" असे मुले विचारतात. तेव्हा आपले सामने कोणत्या नियमावलीप्रमाणे होणार, हे आमंत्रणपत्रातच लिहावे.

वयाचेही तसेच. शालेय स्पर्धांचे गट चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालचे. खो-खो संघटनेच्या स्पर्धांत किशोर-किशोरी चौदाखालचे आणि कुमार गट अठराखालचा. ही दोन मापे एकमेकांत मिसळली, की सकाळी नऊ वाजताच वाद सुरू होतो. जन्मतारखेचा दाखला शाळेच्या रजिस्टरवरून, मुख्याध्यापकांच्या सहीने, आधी आठ दिवस मागवावा.

आणि आता थोडे कडू बोलतो. मिशा फुटलेला मुलगा चौदाखालच्या गटात उभा करणे, शेजारच्या गावचा गडी आपल्या शाळेच्या नावावर खेळवणे, हे घडते. आपल्या सर्वांच्या डोळ्यांदेखत घडते. त्यात फसवणूक समोरच्या संघाची होते असे आपण समजतो. पण त्या गड्यासाठी आपल्याच शाळेतल्या ज्या मुलाला बाहेर बसवले, त्याचे काय? तो रोज सकाळी सहाला मैदानावर येत होता. त्याला खरे कारण कळते, वर्गातल्या सर्वांना कळते, आणि त्याच दुपारी आपण त्यांना खोटे बोलू नये असा धडा शिकवतो.

पंच नेमताना यजमान शाळेचे शिक्षक यजमान संघाच्या सामन्याला नेमू नयेत. ते पक्षपात करतीलच असे नाही. पण पाहणाऱ्याचा विश्वास बसत नाही, आणि गावात त्यांना उद्याही राहायचे असते. दोन पंच हवेत, मधल्या पट्टीच्या दोन बाजूंना एकेक. त्यांच्यावर सरपंच, आणि वेळाधिकारी व गुणलेखक वेगळे. (आमच्याकडे एका सामन्यात खुद्द गावचे सरपंचच निवाडा द्यायला मैदानात उतरले होते! खो-खोतला सरपंच म्हणजे मुख्य पंच, हे निवेदकाने आधीच सांगावे.) निर्णयाबद्दल शंका असेल तर कर्णधाराने, म्हणजे मुलाने, विचारावे. मार्गदर्शक शिक्षकाने रेषेबाहेरून आरडाओरडा करू नये. गुरुजी पंचावर धावून जातात तेव्हा पंधरा मुले ते पाहत असतात.

मुलींच्या सामन्यांविषयी वेगळे बोलले पाहिजे. स्त्रियांची पहिली राष्ट्रीय खो-खो स्पर्धा १९६०-६१ साली आपल्या कोल्हापुरात झाली. किशोरींना इला आणि कुमारी गटातल्या मुलींना जानकी हे राष्ट्रीय पुरस्कार आहेत, जसे मुलांना भरत आणि वीर अभिमन्यू. एवढी परंपरा असून तालुक्याच्या सामन्याला कित्येक शाळांचा मुलींचा संघ येत नाही. कारण विचारले तर खेळातले काहीच निघत नाही. कपडे बदलायला खोली नाही, शौचालयाला कुलूप आहे, सामना सायंकाळी पाचला लावला आहे आणि परतीची एस.टी. सव्वाचारला निघून जाते. या तिन्ही गोष्टी आयोजकांच्या हातातल्या आहेत. मुलींचे सामने सकाळी पहिल्यांदा घ्या, एक वर्ग पडदे लावून मोकळा ठेवा, प्रत्येक संघाबरोबर एक शिक्षिका असल्याखेरीज प्रवेश देऊ नका. पालकांना परतीची वेळ चिठ्ठीवर लिहून कळवा आणि ती पाळा. आई एकदा "वेळेवर आली बरं का पोरगी" असे म्हणाली, की पुढच्या वर्षी शेजारणीची मुलगीही येते.

पाण्याचे पिंप सावलीत, पेटीत चिंधी नव्हे तर स्वच्छ पट्ट्या आणि जंतुनाशक, नखे कापलेली, अंगावर बांगड्या-साखळ्या नाहीत; हे नाणेफेकीपूर्वी पाहून घ्यावे.

राहता राहिला बरोबरीचा प्रश्न. दोन डावांनंतर गुण सारखे झाले तर आणखी एक डाव खेळवतात, आणि तरीही बरोबरी राहिली तर लघुत्तम आक्रमण. म्हणजे दोन्ही संघांनी पहिला गडी किती वेळात टिपला ते पाहायचे. ज्याला कमी वेळ लागला तो विजयी. इथे घड्याळाच्या एकेका सेकंदाला महत्त्व येते, म्हणून वेळाधिकाऱ्याशेजारी दोन्ही संघांचा एकेक विद्यार्थी बसवावा. तसेही गुणपत्रिकेवर प्रत्येक गडी किती मिनिटे-सेकंद पळाला याची नोंद होतच असते. त्या पत्रिकेची एक प्रत हरलेल्या संघालाही द्या. परतीच्या एस.टी.त बसल्यावर मुले पहिल्यांदा तीच उघडून वाचतात.