ॲलर्जीची गोळी : कोणती, केव्हा, कोणाला?

हिस्टामिन हे रसायन शरीर स्वतःच तयार करते. त्वचा, नाकाचे अस्तर, श्वासनलिका आणि आतडी यांतल्या मास्ट पेशींमध्ये त्याचा साठा असतो. ज्याची ॲलर्जी आहे असे परागकण, बुरशी किंवा अन्न शरीरात गेले की या पेशी हिस्टामिन बाहेर सोडतात. ते इतर पेशींवरच्या एच-१ ग्राहींना जाऊन भिडते आणि शिंका, नाकातून पाणी, डोळ्यांना खाज, अंगावर पित्त उठणे असा त्रास सुरू होतो. अँटिहिस्टामिन औषध याच ग्राहींवर ठाण मांडते, त्यामुळे हिस्टामिनला तिथे काम करता येत नाही. ॲलर्जीचे मूळ मात्र जागच्या जागी राहते. त्रास कधी होणार हे ठाऊक असेल, तर त्याआधी घेतलेली गोळी म्हणूनच अधिक उपयोगी पडते.

अशा प्रकारचे पहिले संयुग १९३७ मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये दानियल बोव्हे आणि आन-मारी स्टाउब यांना सापडले. ते माणसाला देण्याजोगे नव्हते; पण वाट मिळाली होती. बोव्हे यांना १९५७ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. १९४०च्या दशकापासून बाजारात आलेली डायफेनहायड्रामिन, फेनिरामिन, प्रोमेथाझिन, क्लोरफेनिरामिन ही औषधे आजही दुकानांत आहेत, आणि सुरक्षिततेचा प्रश्न सर्वाधिक त्यांच्याबाबतच उभा राहतो.

मेंदूमध्ये हिस्टामिनचे काम जागे ठेवण्याचे असते. जुनी औषधे रक्तातून मेंदूत सहज शिरतात आणि तिथलेही ग्राही अडवतात. त्यामुळे झोप येते, प्रतिसाद मंदावतो. क्लोरफेनिरामिनची रक्तातली पातळी निम्म्यावर यायला प्रौढांत वीस तासांच्या आसपास लागू शकतात. रात्री घेतलेल्या गोळीचा अंमल सकाळी दुचाकी काढतानाही शिल्लक असतो, तो असा. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी २००० साली वाहन चालवण्याच्या सिम्युलेटरवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात डायफेनहायड्रामिन घेतलेल्यांचे वाहन चालवणे मद्य घेतलेल्यांपेक्षाही ढासळलेले दिसले. शिवाय कोणाला किती झोप आल्यासारखे वाटते, यावरून त्याचे वाहन चालवणे किती बिघडेल हे नीट सांगता येत नव्हते. ‘मला गोळीने काही होत नाही’ या विश्वासावर गाडी चालवणे म्हणूनच धोक्याचे आहे.

जुन्या गोळ्यांचा दुसरा उपद्रव ॲसिटिलकोलिन या रसायनाच्या कामात अडथळा आणल्यामुळे होतो. तोंडाला कोरड पडते, शौचाला खडा होतो. प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांची लघवी अडू शकते, काचबिंदूच्या काही प्रकारांत डोळ्यातला दाब वाढू शकतो आणि वृद्धांना भ्रम होऊन ते पडूही शकतात. घरातल्या आजी-आजोबांना झोप लागावी म्हणून या गोळ्या देणे थांबवायला हवे. लहान मुलांबाबत तर अधिकच काळजी हवी. क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिन यांचे एकत्रित सर्दीचे औषध चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असे भारताच्या औषध नियंत्रकांनी २०२३ मध्ये स्पष्ट केले. सर्दीच्या अनेक गोळ्यांत पॅरासिटामॉलसोबत क्लोरफेनिरामिन असतेच. त्यावर ॲलर्जीची वेगळी गोळी घेतली, की नकळत दुहेरी मात्रा पोटात जाते.

लोरॅटाडिन, फेक्सोफेनाडिन, सेटिरिझिन ही नंतरची औषधे मेंदूत फारच कमी शिरतात. ॲलर्जीसाठी पहिली निवड यांचीच असावी. तरी सेटिरिझिनने काहींना झोप येते. मूत्रपिंडाचा विकार असल्यास त्याची मात्रा कमी करावी लागते. बरेच महिने रोज घेतलेले सेटिरिझिन किंवा लेव्होसेटिरिझिन थांबवल्यावर क्वचित तीव्र खाज सुटते, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२५ मध्ये दिला. फेक्सोफेनाडिन पाण्यासोबतच घ्यावे. संत्र्याच्या किंवा सफरचंदाच्या रसासोबत ते नीट शोषले जात नाही. या औषधाचा जन्म एका धड्यातून झाला. टर्फेनाडिन हे पूर्वीचे लोकप्रिय औषध यकृतात बदलून फेक्सोफेनाडिन होत असे. एरिथ्रोमायसिन किंवा किटोकोनाझोल सोबत घेतल्यास हा बदल अडायचा, मूळ टर्फेनाडिन रक्तात साठायचे आणि हृदयाचे ठोके जीवघेणे बिघडायचे. १९९०च्या दशकाअखेरीस ते अमेरिकेच्या बाजारातून गेले. दुसरे औषध सुरू असताना डॉक्टरांना ते सांगणे किती गरजेचे आहे, हे यातून कळते.

प्रत्येक खाज हिस्टामिनची नसते. १९५०च्या दशकात पुण्यात नजरेत भरलेले आणि पुढे देशभर पसरलेले गाजरगवत दोन तऱ्हांनी छळते. त्याच्या परागांनी येणाऱ्या शिंकांवर गोळी चालते. चेहऱ्यावर, मानेवर, कोपरांच्या खोबणीत उठणारा त्याचा जाड, खाजरा इसब मात्र टी-पेशींमुळे होतो. तिथे गोळी फारशी कामाची नाही, त्वचारोगतज्ज्ञ लागतो. बंद नाक मोकळे करण्यातही गोळी कमी पडते. तिथे डॉक्टरांच्या सल्ल्याने नाकात मारायचा स्टेरॉइडचा फवारा सरस ठरतो.

शेंगदाणा, मासळी, मधमाशीचा डंख किंवा एखाद्या औषधानंतर जीभ-घसा सुजला, श्वास लागला, चक्कर येऊन रक्तदाब घसरला, तर गोळीवर विसंबू नये. ती श्वासनलिकेची सूज वेळेत उतरवत नाही आणि रक्तदाब सावरत नाही. त्या वेळी जीव वाचवणारे औषध म्हणजे मांडीच्या स्नायूत दिलेले ॲड्रेनलिनचे इंजेक्शन. अशा रुग्णाला आडवे करावे, श्वास लागत असल्यास बसू द्यावे, आणि गोळीचा गुण येण्याची वाट न पाहता लगेच १०८ला फोन करून रुग्णालय गाठावे.