भाड्याची गाडी, ताम्हिणी आणि दिवेआगर

परवा पौडला चहा घेताना एका कुटुंबानं विचारलं, "भाड्यानं गाडी घेऊन एका दिवसात समुद्र होईल का?" नक्की होईल! पहाटे निघा. ताम्हिणी घाट उतरला की माणगाव, मग म्हसळा, बोर्ली पंचतन आणि दिवेआगर.

पण आधी नंबरप्लेट बघा. स्वतः चालवायला भाड्यानं मिळणाऱ्या अधिकृत गाडीची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी असतात. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी कुणी स्वस्तात देत असेल, तर घेऊ नका. अपघात झाला तर विमा कंपनी दावा नाकारू शकते.

ताब्यात घेतानाच गाडीभोवती फिरून व्हिडिओ काढा. बंपरखालचे ओरखडे, स्टेपनी, जॅक, इंधनाचा काटा, सगळं त्यात येऊ द्या.

घाट उतरताना दुसरा गिअर ठेवा. सतत ब्रेक दाबला की तो तापतो आणि धरेनासा होतो. पावसाळ्यात ताम्हिणीत दाट धुकं असतं, दरडीही कोसळतात; रस्ता चालू आहे ना, ते विचारूनच निघा.

आणि कळकळीची विनंती, गाडी पुळणीवर नेऊ नका. चाक वाळूत रुतलं आणि भरती आली, तर खारं पाणी थेट इंजिनात जातं.